सहाशे चाळीस सुटे बूट

बुधवारी सकाळी कोडताईच्या पडद्यावर एक ओळ लाल झाली, आणि तासाभरात तीच ओळ अकरा देशांत लाल झाली.

कोडताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला कस्टमच्या दप्तरी एक कोड लागतो. त्यातले पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे ज्या त्या देशाचे. त्या कोडावरून ठरतं की वस्तूवर कर किती, परवाना कोणता आणि तिला आत यायचं की आल्या पावली परत जायचं. कंपनीचा माल अकरा देशांत जायचा आणि प्रत्येक वस्तूचा कोड ठरवायची ती एकटी. चौदा वर्षं झाली. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे तिला कोडताईच म्हणत.

टेबलावर कोडांचं जाडजूड पुस्तक असे. ऑफिसात त्याला पोथी म्हणत. एकवीस भाग, सत्त्याण्णव प्रकरणं, आणि त्यातलं सत्त्याहत्तरावं मुद्दाम कोरं ठेवलेलं. ते कोरं प्रकरण देवासाठी राखलेलं आहे, असं तिचा मामा म्हणायचा, कारण त्याचा कोड कुणाला लावता येत नाही. बाकी सगळ्यांचा लागतो. उघडली की खुर्ची आणि मिटली की काठी, अशी वस्तू आली तेव्हा ऑफिसात दोन दिवस वाद चालला होता. कोडताईनं पोथी उघडून दाखवलं, की ही काठीच. बसायची सोय असली म्हणून काठीची जात बदलत नाही.

लाल झालेली ओळ बुटांची होती. तान्ह्या मुलांचे बूट. जन्मतः ज्यांचा पाय आत वळलेला असतो, त्यांना आधी आठवडे न् आठवडे प्लास्टर घालतात, आणि प्लास्टर निघाल्या दिवशी हा बूट चढवतात. नाही चढवला तर पाय पुन्हा आत वळू लागतो. पाच वर्षांपूर्वी तिनंच हे बूट पोथीच्या नव्वदाव्या प्रकरणात, उपचाराच्या साधनांत बसवले होते. तिथं बसले तर हाडांच्या दवाखान्याला ते सरळ मिळतात. साधे बूट ठरले तर पादत्राणांच्या आयातीचा परवाना लागतो. तो दवाखान्याकडे नाही. माल परत.

पण पोथीची एक अट होती, आणि ती वाचताना तिला पहिल्यांदा हसूच आलं होतं. कारखान्यात घाऊक बनवलेला बूट उपचाराचा म्हणून धरायचा, तर तो डाव्या-उजव्या कोणत्याही पायात सारखाच बसणारा हवा, आणि सुटा सादर केलेला हवा. जोडीत नव्हे. जोडी दिसली की तो साधा बूट. म्हणून तिनं कारखान्याला लिहून कळवलं होतं, की एकेक बूट वेगळ्या पिशवीत घाला. पाच वर्षं खोके तसेच येत होते आणि तसेच सुटत होते.

मॅनेजर तिच्या टेबलापाशी आले. भला माणूस, पण वरून फोन आला की कपाळाला घाम.

"कोडताई, कस्टमनं खोके उघडले. आत जोड्या आहेत म्हणे."

"शक्य नाही. कागदावर सहाशे चाळीस नग, सुटे."

"कागद सुटे म्हणतोय. खोका जोड्या म्हणतोय."

ती तडक कस्टमच्या ऑफिसात गेली. तपासणी साहेब जाड चष्म्याचे, मोजकं बोलणारे. त्यांनी टेबलावर एक नमुना ठेवला. दोन पांढरे, हाताच्या पंजात मावतील एवढे बूट, सुती दोऱ्यानं एकमेकांना बांधलेले. गाठ इतकी नेटकी की सुटायला नको आणि काचायलाही नको. वर छोटंसं फूल.

ती गाठ कोडताईनं लहानपणापासून पाहिली होती. तिच्या दप्तराला, तिच्या डब्याला, पावसाळी चपलांना.

"बाई, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही," साहेब म्हणाले. "पण माल जसा समोर येतो तसा मी बघतो. समोर जोड्या आल्यात. जोडी म्हणजे बूट."

"आणि त्या इथं आल्यावर लागल्या असतील तर?"

साहेबांनी चष्मा वर केला. "बॉण्डच्या गोदामात? कर न भरलेला माल तिथं ठेवलेला असतो. परवानगीवाचून त्याला हात लावणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तसं झालं असेल तर गोदामपालाचं सहीचं निवेदन आणा. कधी, कोणी, कशासाठी. मग मी माल मूळ रूपात सुटा धरीन. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. नंतर आदेश निघेल."

देव भावाचा भुकेला, असं आपण म्हणतो. कस्टमला भाव चालत नाही, मांडणी लागते. आणि ही मांडणी ज्यानं केली होती, तो भावाचाच माणूस होता.

गोदामपाल म्हणजे तिचा मामा. आईबाप गेल्यावर तिला वाढवणारा, शिकवणारा, आणि याच बंदरात तिला नोकरीला चिकटवणारा.

गोदाम लांबलचक होतं, वर पत्रा, खाली सिमेंट, आणि दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोक्यांच्या रांगा. शिरताना दोन कुलपं, एक गोदामाचं आणि एक कस्टमचं. मामा आपल्या लाकडी टेबलाशी चहा बशीत ओतत होता.

"ये ग, पोथीवाली. आज सूर्य कुठून उगवला?"

"मामा, बुटांच्या जोड्या तू लावल्यास?"

मामाचा चेहरा फुलला. "कळलं ना तुला? मी म्हटलंच होतं मामीला, हिच्या लक्षात येणार. अग, खोके ओले होऊन बसले होते खालून. हात लावला की लगदा. नवे आणले, भरायला घेतले, तर बघतो काय, एकेक बूट एकेका पिशवीत. म्हटलं, कारखान्यातल्या लोकांना पोरंबाळं नाहीत की काय? एका पायात बूट आणि दुसरा उघडा, असं कुठं असतं? दोन दिवस बसलो. सहाशे चाळीस बूट, तीनशे वीस जोड्या. एक गंमत सांगू? डावा-उजवा कळेना. दोन्ही उजवे वाटायचे, मग दोन्ही डावे वाटायचे. शेवटी म्हटलं, लहान बाळाला काय कळतंय, मापानं लावू."

कोडताई स्टुलावर बसली. "मामा, ते सुटेच हवे होते."

"ते कसं काय?"

तिनं सगळं सांगितलं. नव्वदावं प्रकरण, अट, आत वळलेले पाय, दवाखाना. मामा ऐकत होता. बशीतल्या चहावर साय धरली.

"म्हणजे ज्याचा एकच पाय वळलाय, त्याला एकच."

"हो. आणि दोन्ही वळलेत त्याला दोन सुटे."

"हे मला कुणी सांगितलं नाही, पोरी."

ते खरं होतं. 'सुटे ठेवणे, जोडू नये' ही टीप तिनं संगणकात घातली होती, पाच वर्षांपूर्वी, स्वतःच्या हातानं. पण ती टीप कोडाच्या रकान्यात होती, आणि गोदामाच्या पडद्यावर कोडाचा रकाना दिसतच नाही. तिथं दिसतात खोके, वजन आणि जागा. हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. गोदामात कोण कशाला बुटांना हात लावील, असं तिला वाटलं होतं. ज्या माणसानं तिला वाढवलं, तो सुटा बूट बघून स्वस्थ बसणार नाही, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"नोंदवहीत लिहिलंस?"

"खोके बदलले म्हणून लिहिलं. जोड्या लावल्या हे काय लिहायचं? ते काय काम झालं? सहज केलं."

ती ऑफिसात परतली तेव्हा मॅनेजरांनी निवेदन छापूनच ठेवलं होतं. चार ओळी, खाली सहीची जागा.

"मामांची सही घेऊन या. तुमच्या शब्दाबाहेर नाहीत ते."

"सही केली तर त्यांचं काय होईल, साहेब?"

"ते गोदामवाले बघतील."

"काढतील त्यांना. विनापरवाना हात लावला म्हणून. निवृत्तीला सात महिने आहेत."

मॅनेजरांनी आवाज उतरवला. "ताई, तुम्ही एवढं सगळं त्यांना वाचून दाखवायला हवंच का? नाहीतरी तुम्ही दिलेल्या कागदावर ते न वाचता सही करतात. तुम्हीच एकदा हसत सांगितलं होतंत."

सांगितलं होतं खरं. शाळेच्या दाखल्यापासून भाड्याच्या करारापर्यंत मामा तिला एवढंच विचारायचा, "कुठं करू?" बोट ठेवलं की सही.

दुपारी दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. या सिस्टर पाच वर्षांत कधी रागावून बोलल्या नव्हत्या. आजही नाही.

"ताई, येत्या मंगळवारी एकवीस मुलांची प्लास्टरं निघायची आहेत. बूट येतील ना?"

"प्रयत्न चाललाय, सिस्टर. प्लास्टर आणखी एक आठवडा ठेवता येईल?"

"एक आठवडा ओढून नेऊ. त्यापुढं कातडीला जखमा होतात. आणि काढून मोकळं ठेवलं तर दोन-अडीच महिन्यांची मेहनत पाण्यात. आयांना मी सांगितलंय, की बूट पाच वर्षांत कधी चुकले नाहीत. त्या बिचाऱ्या दिवस मोजतायत."

कोडताईनं फोन ठेवला आणि निवेदनाचा कागद पर्समध्ये घातला.

गुरुवारी संध्याकाळी ती गोदामात गेली. मामा कुलपं तपासत होता. तिच्या हातातला कागद बघून त्यानं खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं.

"कुठं करू?"

तिचं बोट त्या जागेवर ठेवलं गेलंच होतं. तिनं ते उचललं.

"आधी वाच."

"तू वाचलंयस ना? झालं तर."

"नाही, मामा. हे वाचलंच पाहिजेस. मीच वाचते." तिनं चार ओळी वाचल्या. मग कागदात नसलेलं सांगितलं. "ही सही केलीस की चौकशी लागेल. परवाना गोदामाचा आहे, तेव्हा गोदामवाले तुला पुढं करतील आणि स्वतःला वाचवतील. काढतील तुला. पेन्शनचं काय होईल, सांगता येत नाही."

मामा थोडा वेळ पेनाच्या टोकाकडे बघत राहिला.

"सात महिने राहिलेत, पोरी."

"माहीत आहे."

"आणि सही नाही केली तर?"

"बूट परत जातील. मुलांना वेळेवर मिळणार नाहीत. माझा कोड चुकला असं ठरेल, आणि अकरा देशांत ती वस्तू अडेल."

"तुझी नोकरी?"

"बोलणी खाईन. जाणार नाही."

मामानं टोपण लावलं. पेन खिशात घातलं. हे तो इतक्या सावकाश करत होता की तिला वाटलं, अजून काही बोलेल.

"मग नको," तो म्हणाला.

तिला हे अपेक्षित नव्हतं. आजवर ज्या माणसानं स्वतःच्या ताटातलं दुसऱ्याला वाढलं, तो असा म्हणेल, हे तिनं धरलंच नव्हतं. तोही तिच्याकडे बघत नव्हता. समोरच्या खोक्यांवर आकडे वाचत होता, जणू त्यात काही चुकलं असावं.

"तू लिही ना, जोड्यांनीच आले म्हणून," तो म्हणाला. "कारखान्यावर घाल. तो सातासमुद्रांपलीकडे. त्याला काय फरक पडतो?"

"आणि मुलं?"

"मुलांना देव आहे."

"देवाचा माल आपल्याच गोदामातून जातो, मामा."

"हे असं बोलायला मीच शिकवलं तुला," तो कडवट हसला. "चूक झाली. पोरी, मी घाबरलोय. मामीचे गुडघे, घराचं छप्पर, सगळं त्या पेन्शनवर टांगलंय. मी लबाडी केली नाही. दोन बूट एकत्र बांधले. त्याची एवढी शिक्षा असते का?"

"नसायला पाहिजे."

"पण आहे."

"आहे."

बाहेर एका ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला आणि मामा पावती द्यायला उठला. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. एरवी ठेवायचा.

रात्री तिनं देवापुढं दिवा लावला, पण काही मागायला शब्द सुचेना. मामाला वाचव म्हणावं तर एकवीस पाय दिसत, आणि पायांसाठी मागावं तर मामाच्या खिशातलं पेन. ज्यानं वाढवलं त्याच्याविरुद्ध जायला बळ दे, असं मागणं तिला जमेना. शेवटी नुसते हात जोडून ती उठली.

शुक्रवारी साडेदहाला तिनं स्वतःच निवेदन लिहिलं. मॅनेजरांचे छापील शब्द घेतले नाहीत. लिहिलं, की माल कारखान्यातून सुटा निघाला आणि सुटाच गोदामात उतरला. खालचे खोके भिजल्यामुळे ते बदलताना जोड्या बांधल्या गेल्या. सुटे ठेवण्याची सूचना संगणकात होती, पण गोदामाला ती दिसत नव्हती, आणि दिसत नाही हे मला ठाऊक असूनही मी वेगळी कळवली नाही. ही चूक माझी. बांधणाऱ्याचा हेतू फक्त बुटांची काळजी एवढाच होता. मग पेन थांबलं. पुढची ओळ लिहायला तिला वीस मिनिटं लागली. 'गोदामातील कॅमेऱ्याचे मागील आठवड्याचे चित्रण पाहावे. गोदामपाल माझे सख्खे मामा आहेत, हे मी इथे नमूद करते.'

मॅनेजरांनी वाचलं. "कॅमेऱ्याची ओळ काढा, ताई. त्याची काय गरज आहे?"

"त्या ओळीशिवाय बाकीच्या ओळींना किंमत नाही. गोदामपालाची सही नाही माझ्याकडे."

"मामा काय म्हणतील?"

"ते मला विचारू नका," ती म्हणाली.

तपासणी साहेबांनी बारा वाजायच्या आत कागद घेतला. दोनदा वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तिच्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. दुपारी त्यांनी चित्रण पाहिलं. नंतर शिपायानं तिला सांगितलं, की साहेब ते बराच वेळ बघत बसले होते. पडद्यावर एक म्हातारा माणूस जमिनीवर मांडी घालून बसलेला. एक बूट उचलायचा, दिव्याकडे धरायचा, दुसऱ्याशी ताडून बघायचा, बांधायचा, कपड्यानं पुसून खोक्यात ठेवायचा. पुन्हा दुसरा. दोन दिवस.

"साहेब म्हणाले, एवढ्या मायेनं कुणाला गुन्हा करताना मी पाहिलं नाही," शिपाई म्हणाला.

पण गुन्हा म्हणाले.

शनिवारी बूट सुटे म्हणून सुटले. मंगळवारच्या आधी दवाखान्यात पोचले. अकरा देशांतली ओळ पुन्हा हिरवी झाली, आणि परदेशातल्या बड्या साहेबांनी पडद्यावरून कोडताईचं कौतुक केलं. तिनं आभार मानले आणि पडदा बंद केला. गोदामाच्या पडद्यावर टिपेचा रकाना दिसावा म्हणून तिनं अर्ज पाठवला. उत्तर आलं, की पुढल्या वर्षी विचार करू.

सोमवारी दुपारी एक वाजता गोदामवाल्यांनी मामाकडून किल्ल्या घेतल्या. पेन्शनबद्दल वरून कळेल, असं सांगितलं. कोडताई फाटकाशी उभी होती. मामा डबा आणि छत्री घेऊन बाहेर आला. एवढीच त्याची चीजवस्तू.

"मामा."

"चल," तो म्हणाला.

दोघं चालू लागले. तो दोन पावलं पुढं. रस्त्याच्या कडेला ट्रक उभे होते, त्यांच्या सावलीतून दोघं जात होते. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं हात केला, "आज लवकर, मामा?" मामानं मान हलवली, नुसतीच, ना हो, ना नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "किती मुलं म्हणालीस?"

"एकवीस."

"पोचले बूट?"

"पोचले. उद्या सकाळी घालतील."

पुढच्या वळणाला तो वळला. मग मागं न बघता म्हणाला, "तू बरं केलंस, असं मी म्हणणार नाही. आज तरी नाही. पुढं कधी म्हणेन की काय, तेही माहीत नाही."

"म्हणू नकोस."

"मी सही करायला हवी होती, हेही म्हणणार नाही." तो थांबला. छत्री या हातातून त्या हातात घेतली. "पण मामीला मी सांगणार नाही. ते तू सांगायचं. पहिल्यापासून. मी सहीला नाही म्हणालो, तेही सांगायचं. ते गाळू नकोस."

"नाही गाळत."

घर आलं. तीन पायऱ्या. मामा दोन पायऱ्या चढून बाजूला झाला आणि तिला पुढं जायला जागा करून दिली. तिनं कडी वाजवली. आतून मामीच्या चपलांचा आवाज आला, दुखऱ्या गुडघ्यामुळे एक पाऊल जड, एक हलकं.

दार उघडलं. मामीनं आधी तिच्याकडे बघितलं, मग मागं उभ्या मामाकडे, मग त्याच्या हातातल्या डब्याकडे.

"या वेळी? दोघं एकदम?" मामी म्हणाली. "काय झालं?"

मामा दाराबाहेरच उभा राहिला.

"मामी," कोडताई म्हणाली, "आत चल. बस आधी. मी सांगते."